धोटा

अर्निस या काठीयुद्धाच्या वर्गात सरांनी पहिल्याच दिवशी महेश्वरीच्या हातात वेताची काठी दिली. "ही फिलिपिन्सची विद्या, ताई. डोकं फोडायच्या नादी लागायचं नाही. जो हात मारायला येतो, तोच हात फोडायचा."

महिन्याभरानं तिचा नवरा सोमशेखर मोडलेली बोटं धरून दवाखान्यात कण्हत होता.

"मागावरचा धोटा उडून लागला की, डॉक्टर," त्यानं तोंड उघडायच्या आधी तीच बोलली. दोघंही अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला.

तिचा ओठ फाटला, भुवई फुटली, मनगट मोडलं, तेव्हाही तिनं दर वेळी धोट्याचंच नाव घेतलं होतं आणि डॉक्टरांनी निमूट मलमपट्टी केली होती.

आज मात्र त्यांनी चष्मा काढला. "खरं सांगा, बाई. कुणी मारलं यांना?"