पोहरा बुडेल एवढं पाणी

"अजून दळतंयच का?" चहाचा कप कॉम्प्युटरजवळ ठेवत बंकटनं विचारलं. "सकाळधरनं नुसतं घुर्रघुर्र. जवारी टाकली असती तर आतापत्तोर पीठ झालं असतं."

"होत आलंय," मनकर्णा म्हणाली. "कप तिकडं ठेवा, बंकटभाऊ. सांडला तर परत तुम्हालाच दळावं लागेल."

बंकट पाणीवापर संस्थेचा शिपाई. तो हसला आणि कोपऱ्यातली ओली छत्री पायानं सरकवून त्यानं कप खिडकीत ठेवला. "सुग्रीवआबा बसलेत बाहीर. चहा नको म्हणले. निकाल लागल्यावर घेतो म्हणले."

मनकर्णानं खिडकीतून पाहिलं. ओट्यावर सुग्रीव गुडघे जवळ घेऊन बसला होता. चिखलानं माखलेल्या वहाणा त्यानं शेजारी नीट मांडल्या होत्या. तो संस्थेचा पाटकरी. तलावाच्या दाराचं चाक फिरवायचं आणि पाटानं पाणी सोडायचं, एवढंच काम त्यानं जन्मभर केलं. चेअरमनची चिठ्ठी आल्याशिवाय तो चाकाला हात लावत नसे. खालची वस्ती त्याची स्वतःची, म्हणून तिच्यासाठी तर मुळीच नाही.

प्रश्न त्याचाच होता. सांजेला चाक फिरवलं, तर सकाळपर्यंत खालच्या वस्तीच्या विहिरीत वरून सोडलेला पोहरा बुडेल एवढं पाणी येतं का? आलं, तर कुणाला आत उतरावं लागत नाही. नाही आलं, तर बायका निसरड्या पायऱ्यांनी तळाशी जाणार आणि साचलेलं पाणी वाटीनं भरणार.

परभणीला मनकर्णा पाण्याचं हेच गणित शिकली होती. पाट, माती आणि विहीर तिनं कॉम्प्युटरवर उभी केली होती. पण पाट किती पाणी पितो, मधले लोक मोटारी लावून किती उचलतात, हे नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ते आकडे थोडे थोडे बदलत तिनं तीनशे वेळा तेच गणित चालवलं. पावसाचे आकडे तेवढे बदलले नाहीत. ते पक्के होते. शून्य.

घुरघुर थांबली. तीनशे फाइली तयार झाल्या.

तेवढ्यात चेअरमन विठ्ठलराव आत आले. येताना ओट्याकडे न बघता आले.

"आजबी बसलाय का?"

"रोजच बसतात, नाना."

विठ्ठलरावांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "पाणी पोचत न्हाई म्हणून सांग त्याला."

"मी अजून आकडे बघितले नाहीत."

"आकडे तुझ्यापाशी ठेव. हो म्हणलीस तर उद्यापासून त्या माणसाला कसं आवरायचं? आन चिठ्ठीचा विषय हाय. बोल मलाबी लागतो."

"खोटं सांगायला मी शिकले नाही."

"शिकलीस म्हणून तर तुझं ऐकतोय तो," विठ्ठलराव म्हणाले आणि मागच्या दारानं निघून गेले.

मनकर्णानं काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली. प्रत्येक फाइल उघडायची, तिच्यातल्या शेकडो ओळींतून सकाळची पातळी तेवढी उचलायची आणि तक्त्यात एक ओळ मांडायची. शेवटच्या रकान्यात उत्तर: पोहरा बुडतो, हो किंवा नाही.

तक्ता भरभर वर सरकत गेला. हो. हो. हो. हो.

तिला वाटलं, कुठंतरी चुकलं. पाट आणखी तहानलेला धरला, मोटारी दुप्पट केल्या आणि पुन्हा चालवलं. पुन्हा हो. मधेच कुठंतरी एखादं नाही. तिनं मोजायला सांगितलं. तीनशेत नऊ.

चहावर साय धरली होती. बाहेर सुग्रीव खोकला.

मग तिनं दुसरी ओळ टाइप केली. शेवटच्या रकान्यानुसार तक्ता लावायचा, 'नाही' आधी. आणि फक्त वरच्या नऊ ओळी छापायच्या.

"बंकटभाऊ, आबांना बोलवा."

सुग्रीव आत आला, टेबलापासून लांबच उभा राहिला. "लागला का गं निकाल?"

तिनं कागद पुढं केला. त्यानं तो खिडकीच्या उजेडात धरला आणि बोट लावत शेवटचा रकाना वाचला. न्हाई. न्हाई. न्हाई. बोट तळाशी पोचलं, तसं परत वर गेलं.

"समद्यात न्हाईच?"

"तुम्हीच बघा ना, आबा. एका तरी ओळीत हो दिसतंय का?"

"न्हाई दिसत," तो म्हणाला. मग खाली बसला. खुर्ची असून फरशीवरच बसला. "मशीन चुकत तर न्हाई?"

"मशीन नाही चुकत."

"आबा, तुमी नाराज नका होऊ," दारातून बंकट म्हणाला. "मशीनला काय कळतंय पाटातलं?"

"नाराज कावून होऊ बे?" सुग्रीवनं डोळे पुसले. "चहा आण. लई गोड कर."

चहा झाल्यावर त्यानं कागदाची घडी करून टोपीत ठेवली. मनकर्णानं कॉम्प्युटरवरच्या तीनशे फाइली पुसून टाकल्या, छत्री उचलली आणि त्याच्यासोबत खालच्या वस्तीची वाट धरली. विहिरीजवळ आल्यावर सुग्रीव, किती वर्षांनी कुणास ठाऊक, तोंड न फिरवता सरळ विहिरीकडं बघत पुढं गेला.

घरात शिरल्यावर त्यानं टोपी काढली, कागद उलगडला आणि भिंतीवरच्या तसबिरीपुढं धरला.

"ऐकलंस का," तो मनकर्णाच्या आईला म्हणाला, "त्या सांजेला मी चाक फिरवलं असतं तरी सकाळी तुला हिरीत उतरावंच लागलं असतं."