धरली?

"धरली?" दाजीने स्लॅबच्या कडेवरून खाली विचारलं.

उत्तर आलं नाही.

त्याने पुन्हा विचारलं. खाली मेहुणा शिडीच्या पायथ्याशी उभा होता, मान खाली घालून. वरून साबणाचं पाणी डोळ्यांत जातं, म्हणून शिडी धरणारा वर बघत नाही. त्याने 'धरली' म्हणायचं आणि मगच वरच्याने पाठमोरं होऊन पायरीवर पाय टाकायचा. खिडक्या पुसणाऱ्याचं मरण चढण्यात नसतं, सपाट छपरावरून उतरण्यात असतं.

हा नियम दाजीनेच मेहुण्याला शिकवला होता. आणि हल्ली हा पठ्ठ्या हूं की चूं करत नव्हता. काल दाजी जीव मुठीत धरून उतरला होता.

काहीतरी शिजत होतं. बायको आणि तिचा हा भाऊ ओट्याशी नुसते ओठ हलवत उभे असायचे आणि दाजी आत आला की गप्प व्हायचे. कामाचे फोनही आता मेहुणाच घेई. दाजीचा म्हणे वाजून वाजून बंद होतो. साफ खोटं, तो वाजतच नव्हता. परवा तर बायको समोर बसून एकेक शब्द तोडून म्हणाली, "आता त्याला चढू द्या. आणि एकदा तपासून घ्या." काय तपासायचं? गुडघे ठणठणीत होते. धंदा दाजीने उभा केला आणि आता आयत्या बिळावर नागोबा. माणूस वरून पडला की जागा आपोआप रिकामी होते, हे दाजीला कळत होतं.

आजचं हे घरही विचित्रच. फाटकातला कुत्रा पूर्वी भुंकून गल्ली डोक्यावर घ्यायचा. आज नुसता जबडा उघडत होता. म्हातारा झाला असेल. वरच्या बाईंनी काचेआडून तोंडावर बोट ठेवून बाळ झोपल्याची खूण केली होती.

"धरली का रे?"

मेहुण्याने मान वर केली आणि ओठ हलवले. बस, तेवढंच.

दाजीने शिडीचा वरचा दोर ओढून पाहिला. गाठ त्याने स्वतः मारलेली होती, ती पक्की होती. तिच्या भरवशावर तो पाय चाचपत उतरला. शिडी जराही हलली नाही.

खाली येताच त्याने मेहुण्याची कॉलर धरली. "माझ्या जिवावर उठलास? एक शब्द फुटत नाही तुझ्या तोंडातून?"

मेहुण्याचे डोळे भरून आले. मानेच्या शिरा फुगल्या. तो दाजीच्या कानाला तोंड लावून पुटपुटला, "धरली म्हणतोय, दाजी. रोज म्हणतोय."

समोरच्या घरांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. लोक डोकावून मेहुण्याकडे बघू लागले. वर बाई बाळाला घेऊन खिडकीत आल्या आणि त्यांनी मेहुण्यापुढे हात जोडून तोंडावर बोट ठेवलं. दचकून उठलेलं बाळ लालबुंद झालं होतं, हातपाय झाडत होतं, आणि त्याच्या उघड्या तोंडातून काहीही बाहेर येत नव्हतं.