गोठ्याचं दार

धुकं इतकं दाट होतं, की आजूबाजूची सगळी गोडाऊनं त्यात गडप झाली होती. पत्रे नाहीत, बोर्ड नाहीत, काही म्हणजे काही नाही. भात कापून मोकळं झालेलं शेत तेवढं सीताबाईला दिसत होतं, आणि त्यात पांढरी फक्की मारून आखलेलं तिचं नवं घर. भिंत नावालाही नव्हती, तरी तिनं चपला बाहेर काढल्या आणि मगच आत पाऊल टाकलं.

"ही पुढं वटी," फक्कीचं घमेलं कमरेवर धरून तिचा नवरा केसरीनाथ सांगत होता. "आनि हितं तुजं सैपाकघर. खिरकी उगवतीला."

सीताबाई सैपाकघरात उभी राहिली. त्यांच्या राहनाळच्या तीन मजली घरात खाली मार्बल आणि वरही मार्बल. कोंबडी पाळायचं नाव काढलं तरी सून नाक मुरडायची. बाकीच्या जमिनीवर एकेक करून गोडाऊनचे गाळे उभे राहिले, तेव्हा सीताबाईनं तोंड उघडलं नव्हतं. हा शेवटचा तुकडा मात्र तिनं मागून घेतला होता. इथं घर, दोन म्हशी, चार शेळ्या, परसात वाल आणि तोंडली. नवऱ्यानं शब्द दिला होता आणि तिनं तो पदराच्या गाठीला बांधून ठेवला होता.

"शेळ्या चिंचेखाली," ती म्हणाली. "पन दोरीपासून लांब. मेल्या वाळत घातलेली लुगडी खातान."

"लिवून घेतलं," केसरीनाथ हसून म्हणाला. त्याच्या हातात कागदही नव्हता.

खुराड्याची जागा झाली, उकिरड्याची झाली. चालता चालता सीताबाईला चरवीत धार पडल्याचा आवाजसुद्धा आला. किती वर्षांनी असं सकाळी सकाळी मन हलकं झालं होतं! गोठा तेवढा रस्त्याला लागून, मुरूम टाकलेल्या बाजूला आखला होता आणि त्याचं दार चांगलं वीस फुटी होतं. पण हवा खेळती राहते म्हणून नवरा म्हणाला आणि तिनं मान डोलावली. बांधकामातलं त्याला जास्त कळतं, आयुष्य त्यातच गेलं त्याचं.

इतक्यात धुक्यात दोन पिवळे दिवे पेटले आणि एक भलामोठा कंटेनर फुसफुसत त्यांच्यासमोर येऊन थांबला. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं. कोहरे में कुछ दिखता नहीं, दापोडे का रस्ता छूट गया, गाड़ी घुमा लूँ क्या, असं त्यानं एका दमात विचारलं.

"हाँ हाँ, घुमाओ!" केसरीनाथनं घमेलं खाली ठेवलं आणि गाडीमागं धावला. "आने दो... आने दो... थोडा कट मारो... बस!"

कंटेनर मागं मागं आला आणि फक्कीच्या दोन रेघांच्या मधोमध, पार गोठ्याच्या आत जाऊन उभा राहिला. रेघ कुठं पुसली नाही, चाक कुठं घासलं नाही. केसरीनाथनं कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं पाहिलं. लेकाची वरात दारात आल्यासारखा आनंद होता त्याच्या तोंडावर.

"जगह मस्त है सेठ," ड्रायव्हर म्हणाला, "एक बार में बैठ गई." आणि गाडी वळवून निघून गेला.

सीताबाई डिझेलच्या धुरात उभी होती.

"अवं," ती म्हणाली, "आपल्या म्हशी काय रिव्हर्स घेनार हायेत?"

 केसरीनाथ घमेलं उचलत पुटपुटला, "तसा न्हाय गो. सवय झालीय हाताला गाळ्यांची. आनि पुढंमागं धनेशच्या मनात काय आलं, तर पोराला तोराफोर करायला नको."

म्हणजे शब्द देतानाच त्यानं तो मोडायची सोय करून ठेवली होती. धनेश त्यांचाच मुलगा, परका नव्हे. पण आपण डोळे मिटल्यावर इथं काय उभं राहील ते सीताबाईला लख्ख दिसलं.   तिनं पायानं गोठ्याची रेघ फरफरा पुसायला घेतली. एक बाजू, दुसरी बाजू. मुरमाचे खडे टोचत होते, तरी थांबली नाही.

"अगो, आखनी मोरू नको!"

तिनं त्याच्या हातातून घमेलं ओढून घेतलं. ओंजळभर फक्की काढली आणि वाकून, अंदाजानं, गोठ्याची नवी रेघ मारली. दाराची जागा आली तेव्हा ती उभी राहिली, दोन्ही हात पसरले आणि तेवढंच अंतर मोकळं सोडलं.

"येवढंच?" दारात येऊन केसरीनाथ म्हणाला. "अरकंल गो यात म्हस."

"न्हाय अरकायची."

सीताबाईनं हात झटकले, पदर खोचला आणि अंगणात जाऊन कोणाच्या तरी गळ्यातलं दावं सोडावं तशी हवेत बोटं चालवली. मूठ घट्ट धरून, दमानं चुचकारत ती गोठ्याकडं निघाली. म्हशीला यायचं नव्हतं बहुतेक. दोनदा थांबून तिला ओढावं लागलं. दारापाशी आल्यावर तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"वाईच बाजूला व्हा," ती म्हणाली. "नवीन हाय. मारकी हाय."

केसरीनाथ तिच्या मुठीकडं बघत राहिला. मग त्यानं पोट आत ओढलं, रेघेला पाठ लावली आणि म्हशीला वाट दिली.