दर रविवारचा पिझ्झा

मत्सर सुनेत्राच्या स्वभावातच नव्हता. समोरच्या हिर्लेकरांच्या दाराबाहेर दर रविवारी सुक्या कचऱ्याच्या बादलीवर पिझ्झाचा खोका दिसला, की तिला फक्त सकाळचा चहा कडू लागायचा.

दोन्ही घरांनी फ्लॅट एकाच महिन्यात, एकाच बँकेचं कर्ज काढून घेतले होते. हप्ता वाढत गेला तसं सुनेत्राकडे आधी हॉटेल बंद झालं, मग इस्त्रीवाला, मग पनीर.

"त्यांना कसं परवडतं रे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"विचारून ये की," पोह्यांतले शेंगदाणे शोधत तो म्हणाला. "तुकडा उरला असेल तर घेऊनही ये."

त्या रविवारी जिन्यात कुणी नाही असं बघून तिनं तो खोका उचलला आणि स्वतःच्या बादलीवर ठेवला. वरच्या मजल्यावरून उतरणाऱ्यांना कळू दे, आपणही खातो.

पाच मिनिटांत बेल वाजली. दारात हिर्लेकरवहिनी.

"अगं, आमचा खोका चुकून तुमच्याकडे आलाय," त्या हळूच म्हणाल्या. "कचरेवाली यायच्या आत दे बाई. दर रविवारी लागतो."

खोक्याला चिकटलेल्या बिलावर मागच्या दिवाळीची तारीख होती.