वर टाचलेली पिशवी

"जाऊबाईंची पिशवी मी सगळ्यात वर टाचून ठेवते, म्हणून खपते," धाकटी जाऊ नवऱ्याला सांगत होती. दाराआड मी होते. आम्ही दोघी पिशव्या शिवतो. दुकान ऑनलाइन, त्यातली मांडणी तीच करते. ओठांत शिवणाच्या टाचण्या तशाच धरून मी तिच्याशेजारी बसले. फोनच्या पडद्यावर माझ्या पिशवीच्या कोपऱ्यात खरंच लाल टाचणीची खूण होती. "काढ," मी दातांआडून म्हणाले. "नको ना, जाऊबाई. मग गिऱ्हाइकांच्या पसंतीनं क्रम लागेल. तुम्हाला वाईट वाटेल." "काढ म्हणते ना!" तिनं खुणेवर बोट टेकवलं. टाचणी गेली, पान कोरं झालं, चाक फिरत राहिलं. चित्रं परत आली. माझी पिशवी जागची हलली नव्हती. तिची शोधायला बरंच खाली जावं लागलं. मी ओठांतली एक टाचणी काढून तिच्यापुढे धरली. "तुझी टाचू का गं वर?"