गाडीला काडी

सासरेबुवांनी पोटच्या पोरीसारखी जपलेली जुनी गाडी गॅरेजमध्ये होती. ते दाढी करत असताना गॅलरीतून जावयाचा फोनवरचा आवाज आला, "हो रे, आजच काडी लावून टाक त्या खटाऱ्याला! बाबांना कळू देऊ नकोस. नंतर त्यांचा चेहरा बघायचाय मला!"

सासऱ्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. अर्ध्या गालाला फेस आणि हातात भरलेली बादली, अशा अवतारात ते गॅरेजकडे धावत सुटले. "खबरदार!" असं ओरडत त्यांनी उघड्या दारातून सगळी बादली गाडीत उपडी केली.



आतून मेकॅनिक निथळत उठला. "अहो काका, जावईबापूंनी रेडिओच्या अँटेनाची काडी लावायला सांगितली होती! काडी लागली झकास, रेडिओ मात्र तुम्ही विझवलात."