हरभऱ्याएवढा सेरियम

कॉलेजातला शिपाई कवडू आणि त्याची बायको मनकर्णा यांनी तीन वर्षं काळी रेती तेजाबात शिजवली, खोकत खोकत तिचा धूर गिळला, तेव्हा कुठे प्रोफेसर गोपाळरावांच्या हाती हरभऱ्याएवढा सेरियम धातू लागला. जिन्नस मोठा नखरेल. चाकूने खरवडला की ठिणग्या उडायच्या, उघड्या हवेत राहिला की भुकटी व्हायची. म्हणून गोपाळरावांनी तो रॉकेलच्या बरणीत बुडवून ठेवला होता. लढाईमुळे नागपुरात रॉकेल कार्डावरही मिळत नव्हतं, तरी त्या बरणीला कोणी हात लावत नसे.

दिवाळीच्या सुटीनंतर कलकत्त्याचे पाहुणे धातू पाहायला आले. गोपाळरावांनी कपाट उघडलं, तर बरणी कोरडी ठणठणीत. तळाशी चिमूटभर मळकट भुकटी.

"कवडू! यातलं रॉकेल कुठं गेलं?"

"म्या नेलं, साहेब."

"तीन वर्षांची माती केलीस! कॉलेजच्या रॉकेलवर दिवाळीचे दिवे लावलेस काय रे, नवराबायकोनं?"





"लाकडं ओली होती, साहेब. मनकर्णा पेटूनच नव्हती राहिली."